गोठ्यापर्यंतचा दोर

स्पोकेन,
२ ऑक्टोबर १९५१

ति. आल्विनमामांस मर्नाचा सा. न. वि. वि.

आमच्याकडे सगळं ठीक. डोनाचे पुढचे दोन दात पडले आणि त्या फटीतून ती शिट्टी वाजवायला शिकली. दिवसभर घरात आगगाडी शिरल्यासारखं वाटतं. तुम्ही टॅकोमाला रेल्वेच्या तारघरात जन्म काढलेला, तुम्हाला इथे छान करमलं असतं. पण आज लिहायला बसले आहे ती आईसाठी.

बाबा गेल्यावर मागचा हिवाळा तिने विलो क्रीकच्या रँचवर एकटीने काढला. यंदाचा तिला काढू द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं आहे. डोंगराखालच्या रँचवरच्या पिकेटकाकांनी कळवलं, की ऑगस्टमध्ये तिने भर दुपारी, सरळ रस्त्यावरून जाताना ट्रक पाटात घातला. त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली म्हणे, की मी कुठे गेले, पाटच रस्त्यावर आला. मी पत्रातून खोदून विचारलं, तर उत्तरात फक्त हकलबेरीच्या जॅमची हकीकत.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पिकेटकाका मोठा ट्रक घेऊन तिची गुरं खाली आणायला वर जाणार आहेत. त्यानंतर खिंड बर्फाने बंद होते ती थेट वसंतात उघडते, हे तुम्हाला मी काय सांगू? त्या ट्रकमध्ये पिकेटकाकांच्या शेजारी आई बसलेली हवी, एवढंच माझं मागणं आहे. मागची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली आहे.

मी गेले तर ती माझ्याशी बोलणंच टाकेल. तुमच्याशी निदान भांडते तरी. मामा, तुम्ही पाहुणे म्हणून जा, लहानपणच्या गोष्टी काढा, आणि तिचं काय बिघडलं आहे ते स्वतः पाहून मला कळवा. जमलं तर तिला घेऊनच या. मला भीती वाटते. कसली, ते नीट सांगता येत नाही, म्हणून जास्तच वाटते.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच, यावेळी त्यातला थोडा आईच्या वाट्याला द्यावा.

आपली
मर्ना


विलो क्रीक रँच,
१२ ऑक्टोबर

चि. मर्नास मामाचे, आणि मामाबरोबर इथल्या सगळ्या डोंगरांचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोहोचलो. पिकेटने स्टेशनवरून आणले. खिंडीच्या माथ्यावर मी त्याला ट्रक थांबवायला लावला आणि टोपी काढून उभा राहिलो. खाली अ‍ॅस्पेनची सगळी झाडे पिवळीधमक, मधून क्रीकची, आपल्या ओढ्याची, चंदेरी रेघ, आणि रेघेच्या टोकाला आमचे घर. एकोणिसाव्या वर्षी इथून निघालो तेव्हा मागे वळून पाहिले नव्हते. ते राहिलेले पाहणे आता पाहून घेतले. पिकेट म्हणाला, की तुमचं दर्शन झालं असेल तर निघूया, माझं पेट्रोल जळतंय.

आमची शाळा अजून उभी आहे. तीत आता पिकेटचे गवत असते. त्या शाळेत मिस लॅथ्रप आम्हाला बाकावर उभे करून कविता म्हणायला लावीत. ट्रक तिथून गेला आणि माझ्या ओठांवर आपोआप आले :

झऱ्या, झऱ्या रे, कुठून आला?
डोंगरमाथी बर्फ वितळला.

पुढच्या दोन ओळी काही केल्या आठवेनात. घरी आल्यावर हल्डाला, तुझ्या आईला, विचारले, तर म्हणाली, की मला त्या कवितेपायी छडी बसली होती, तेवढी मात्र पाठ आहे.

तुझी आई ओसरीत उभी होती. मी हाक मारीपर्यंत हलली नाही. मग तरातरा आली, माझा दंड चाचपला आणि म्हणाली, की टॅकोमात मासे संपले का रे दादा, नुसती काठी झालास. पहिल्याच दिवशी कॉफीत साखरेऐवजी मीठ घालून दिले. मी थुंकल्यावर आधी तिने डबा चाचपला, मग खो खो हसली. म्हणाली, की तू माझ्या दुधात मीठ घातलं होतंस, त्याचा हा सूड, साठ वर्षं राखून ठेवला होता. बहीण अशी हवी!

संध्याकाळी ती दिवा लावीत नाही. आम्ही दोघे खिडकीशी बसतो. शिखरांवरचा गुलाबी रंग विझतो, मग निळे, मग काहीच नाही. दिवा लावू का म्हणून विचारले, तर म्हणते, की तुला आता कुणाचं तोंड बघायचंय? मला हे अंधारात बसणे फार आवडले. शहरात माणसे संध्याकाळ व्हायच्या आत तिला मारून टाकतात. रोज ती मला जुनी वर्तमानपत्रे मोठ्याने वाचायला लावते. म्हणते, की बातम्या वाईट असल्या तरी तुझा आवाज बरा आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ओसरीच्या खांबापासून गोठ्याच्या दारापर्यंत, बर्फात काही दिसेनासे झाले की धरून चालायचा तो हिमवादळाचा दोर आत्ताच ताणून बांधलेला होता. आकाश काचेसारखे स्वच्छ, आणि दोर बांधलेला! आमच्या वडिलांचा नियम तुला आईने सांगितला असेल. पहिला बर्फ पडेल त्या दिवशीच दोर बांधायचा. त्याआधी बांधणे म्हणजे वादळाला पाटावर बसायला बोलावणे. वडील त्या दिवशी आम्हा दोघांना दोराची टोके धरायला देत, आणि मला त्या दिवशी आपण जहाजावर आहोत असे वाटे. हल्डा विसरली असेल, कामाच्या रगाड्यात माणूस विसरते. आज दुपारी ती कोंबड्यांपाशी होती तेव्हा मी दोर सोडला, वडील गुंडाळीत तसा आठाच्या आकड्यासारखा गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला लावून ठेवला. वडिलांना बरे वाटले असेल.

स्पोकेनचा विषय मी दोनदा काढला. पहिल्यांदा तिने माझ्या हातात कुऱ्हाड दिली आणि सरपण दाखवले. दुसऱ्यांदा नुसतीच उठून गेली. बिघडलेले असे मला तरी काही दिसले नाही. पायाच्या नडगीवर काळेनिळे डाग आहेत, ते म्हणे ढकलगाडीचे. काळजी करू नकोस.

कळावे. लोभ आहे तो इथल्या थंडीत गोठणार नाही, तिथल्या उबेत विरू देऊ नये.

तुझा
आल्विनमामा


विलो क्रीक,
१५ ऑक्टोबर

चि. मर्नास आईचे आशीर्वाद.

मामाला कशाला धाडलंस ते मला कळतं. मी म्हातारी झाले, खुळी नाही. तो येतो, डोंगर बघतो, उसासे टाकतो, आणि मधूनच स्पोकेनची हवा किती छान म्हणून सांगतो. स्पोकेनची हवा मी हुंगली आहे. तिला कोळशाचा वास येतो.

त्याने माझा दोर काढून गुंडाळून ठेवला. बाबांचा नियम म्हणे! बाबांचे एवढे नियम याला पाठ होते तर एकोणिसाव्या वर्षी पळाला कशाला? पुन्हा बांधतो म्हणाला, तर मीच नको म्हटलं. बांधशील तर जेवायला वाढणार नाही म्हटलं. मला काही दोर लागत नाही.

गुरं पिकेटने न्यावीत. मी नाही म्हणत नाही, एवढी गुरं आता माझ्याने होत नाहीत. पण पॅन्सी गाय इथेच राहील, आणि मीही. खालच्या वळणावरची ग्रेटा लुंड एकाच हिवाळ्यापुरती मुलाकडे गेली होती, आठवते ना तुला? मुलांनी दाराला फळ्या ठोकल्या, चूल काढून विकली, आणि ग्रेटा शहरात मागच्या खोलीत जिरेनियमच्या कुंडीशेजारी बसून मेली. मागची खोली रंगवलीस असं मामा म्हणाला. रंग चांगला असेल. डोनाला दे.

मामाला पत्रं लिहून चिथावू नकोस. डोनाचा पापा घे, शिट्टी जोरात वाजव म्हणावं, म्हणजे इथवर येईल.

माया कमी करू नकोस, फक्त लांबून कर.

तुझी आई


स्पोकेन,
२० ऑक्टोबर

ति. मामांस मर्नाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला होता. मग आईचं आलं, आणि भांडंच उलटलं.

मामा, ते पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागली. पहिल्या चार ओळी मोठ्या मोठ्या अक्षरांत, पट्टी लावून काढल्यासारख्या सरळ. मग पट्टी सरकली असावी. पाचवी ओळ चौथीच्या अंगावर, सहावी पाचवीच्या. शेवटच्या तीन ओळींची टोकं कागदाबाहेर निघून गेली आहेत, म्हणजे आई आपली टेबलावरच लिहीत राहिली; ती टोकं मी अंदाजाने जोडली. सही तर मला शेवटी समासात उभी सापडली.

आता तुमचं पत्र मी पुन्हा वाचते आहे. दंड चाचपला. कॉफीत मीठ. अंधारात बसते. वर्तमानपत्र वाचायला लावते. दोर. मामा, तुम्हाला त्यात कविता दिसली, मला वेगळंच दिसतं आहे. आजोबा शेवटी कसे झाले होते ते तुम्ही पाहिलं नाहीत, कारण तुम्ही तिथे नव्हता. मी लहान होते, पण मला आठवतं.

मला एकच सांगा. तिला दिसतं की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात. तुमच्या तारघरातल्यासारखं. दिसत नसेल तर नोव्हेंबरच्या त्या शनिवारी पिकेटकाकांबरोबर मी स्वतः वर येईन आणि ती रडली, ओरडली तरी तिला घेऊन जाईन. ती माझं तोंड पाहणार नाही म्हणाली तरी चालेल. जिवंत असेल.

उलट टपाली उत्तर हवं. राग नाही, पण आज लोभाबद्दल काही लिहायला सुचत नाही.

आपली
मर्ना


विलो क्रीक रँच,
२६ ऑक्टोबर

चि. मर्नास आशीर्वाद. आज डोंगरांचे नाहीत, माझ्या एकट्याचे.

तुझे पत्र पिकेटच्या फाटकावरच्या टपालपेटीतून मीच आणले. वाटेतच फोडून वाचले आणि तिथल्या दगडावर बसलो. क्रीक वाहत होता. त्याचा मला पहिल्यांदा राग आला.

तू हो किंवा नाही मागतेस. जन्मभर तारा पाठवल्या, पण हा एक शब्द मला पाठवता येत नाही. तुझ्या आईने माझ्याकडून शब्द घेतला आहे. कशाबद्दल घेतला, तेही लिहायचे नाही असे ठरले आहे. मात्र शब्द घेतला आहे एवढे लिहायची मनाई नाही, ते तिच्या ध्यानात आले नाही. तू हुशार आहेस.

एक दृश्य लिहितो, अर्थ लिहीत नाही. दोर गुंडाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत कॉफी घेऊन बसलो होतो. हल्डा बादली घेऊन ओसरीत आली, नेहमीसारखी झपझप. खांबापाशी येऊन तिने डावा हात बाजूला टाकला, आपण अंधारात ओळखीच्या कठड्यावर टाकतो तसा, न बघता. हाताला काही लागले नाही. ती थांबली. हात तसाच हवेत. थोडा वर, थोडा खाली, पुन्हा वर. चांगले ऊन पडले होते, मर्ना. गोठा समोर लालभडक उभा होता. मग तिने मान वळवली आणि खिडकीकडे तोंड केले. मी तिथे आहे हे तिला कॉफीच्या वासाने कळले असावे. मग ती एकेक पाऊल चाचपत पायरी उतरली.

मी धावत जाऊन खुंटीवरचा दोर काढला, तेव्हा तिने मला जे ऐकवले ते मिस लॅथ्रपच्या शाळेत शिकवीत नसत. म्हणाली, की आता तो दोर लावलास तर मी आंधळी हे आपण दोघांनी मान्य केल्यासारखं होईल, मी मान्य करत नाही. अरेरे, पाहा, लिहिले गेले. खोडत नाही. माझा शब्द मोडला असे म्हण, किंवा लेखणी घसरली असे म्हण.

पण तुझ्यापुढे हात जोडतो, गुरे न्यायच्या शनिवारी तू येऊ नकोस. ती ग्रेटा लुंडचे नाव झोपेतही घेते. तिला दृष्टी जाण्याचे भय नाही, तिला दाराला फळ्या ठोकल्या जाण्याचे भय आहे. तिला उचलून नेलेस तर ती जगेल, पण ती तुझी आई राहील की तुझ्या मागच्या खोलीतली बाई होईल, हे मला सांगता येत नाही. मला त्या शनिवारपर्यंत वेळ दे. मी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षे मी फक्त बघत आणि गुणगुणत आलो.

दोर खुंटीवरच आहे. आकाशाचा रंग आज मला आवडला नाही. वडील या रंगाला शिशाचा रंग म्हणत.

लोभ असो वा नसो, विश्वास असावा.

तुझा
मामा


विलो क्रीक रँच,
शनिवार, ३ नोव्हेंबर

चि. मर्नास उदंड आशीर्वाद. वि. वि.

पिकेटचा ट्रक अंगणात उभा आहे. तो गुरे चढवतो आहे, तोवर हे घाईने लिहितो. हे पत्र तुझ्या आईच्याच पिशवीतून तुझ्याकडे येत आहे. ती ते वाटेत फोडून वाचणार नाही. वाचू शकली असती तर नक्की वाचले असते.

होय, ती येते आहे. आता कशी, ते ऐक.

मंगळवारी दुपारी जेवण झाले आणि उत्तरेकडून वारा सुटला. पाहता पाहता शिखरे गेली, मग कुंपण गेले. हल्डा पिठात कोपरापर्यंत हात घालून पावाची कणीक मळत होती. धारेची वेळ झाली होती. मला वाटले, आज हिला बाहेर जाऊ द्यायचे नाही. दोर बांधतो म्हटले तर पुन्हा महाभारत होणार. म्हणून मी बादली घेतली आणि न सांगता निघालो. गोठा तो कितीसा लांब? लहानपणी मी डोळे मिटून जात असे!

ओसरी उतरलो तोवर गोठा दिसत होता. मग वाऱ्याचा एक लोट आला, मी तोंड फिरवले, आणि पुन्हा समोर पाहिले तेव्हा समोर असे काही उरलेच नव्हते. वर पांढरे, खाली पांढरे, स्वतःचा हात पांढरा. सरळ चालत राहिलो. गोठ्याची भिंत लागायला हवी होती, लागली नाही. वळलो. ओसरी लागायला हवी होती, तीही लागली नाही. बादली कुठे पडली ते कळले नाही. ओरडलो, तर वाऱ्याने ओरडणे तोंडातून काढून नेले. शेवटी काहीतरी लोखंडी पायाला लागले, घोड्याने ओढायची जुनी गवताची दाताळी असावी. तिच्या आडोशाला बसलो. बसल्यावर बरे वाटू लागले, ऊबही वाटू लागली. असे वाटू लागले की माणूस संपत आला, हे आम्हा डोंगरातल्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. मला ते आठवले, पण उठावेसे वाटेना.

आणि मग ठण ठण ठण! कुणीतरी पातेल्यावर उलथने बडवीत होते.

दाराची उघडझाप ऐकून तिने मी गेल्याचे ओळखले होते. तिने खुंटीवरचा दोर काढला, एक टोक ओसरीच्या खांबाला बांधले, दुसरे कमरेला, आणि दोर ताणून धरून अर्धवर्तुळात फिरू लागली. पायाखाली खडी आली म्हणजे सरपणाचा ओंडका जवळ, चाकोरी आली म्हणजे गोठ्याची वाट, उतार लागला म्हणजे क्रीकची बाजू. हे सगळे अंगण तिच्या तळव्यांना पाठ आहे. मी कुठे आहे तेवढेच माहीत नव्हते. मी एकदा तिचे नाव घेऊन ओरडलो. तिने ओरडून सांगितले, की नुसतं बोंबलू नकोस, वारा तोडतो, कविता म्हण, तुझी ती कविता म्हण, आणि थांबलास तर बघ.

मर्ना, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कविता थांबवू नकोस म्हणाले.

मी दात कडकडवीत सुरू केले, झऱ्या, झऱ्या रे, कुठून आला. दुसऱ्या ओळीला येऊन अडकलो. पुढचे आठवेना, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागलो. तेव्हा त्या पांढऱ्यातून तिच्या शिव्या आल्या, आणि शिव्यांमागून, छडी खाल्लेल्या मुलीच्या स्पष्ट उच्चारांत, राहिलेल्या ओळी :

झऱ्या, झऱ्या रे, कुठे निघाला?
घर सोडूनी घर शोधायाला.

मी म्हणत राहिलो, ती आवाजावर येत राहिली. मग एक पिठाने माखलेला हात माझ्या तोंडावर आपटला, नाकावरून फिरला, आणि कॉलर धरून त्याने मला उभे केले.

घरात चुलीपुढे मला बसवून ती बोटे चोळीत होती. मी म्हटले, की त्या पांढऱ्यात मला काहीच दिसत नव्हते, तुला वाट कशी सापडली. तर म्हणाली, की तुला आज दिसेनासं झालं, मी वर्षभर याच वादळात राहते. एवढे बोलून ती रडली. आणि गंमत म्हणजे त्याने तिचे मन हलके झाले, माझे नाही.

मग तिने सगळे सांगितले. सगळीकडे धुके साठत गेल्यासारखे होते, उजेड दिसतो, आकार दिसत नाहीत. वडिलांचे तसेच होते, म्हणून हे असेच असायचे, असे ती धरून बसली आहे. पिकेटने आत्ताच सांगितले, की त्याच्या मेहुणीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला होता आणि शहरात तो काढला, आता ती सुईत दोरा ओवते. हिचाही तोच असेल असे कुणी सांगावे? नसेलही. पण दाखवायला तर हवे. हे तिलाही पटले. पटूनही ती जागची हलेना. म्हणाली, की एकदा चूल विझली की या डोंगरातलं घर पुन्हा पेटत नाही.

त्यावर मी म्हटले, की मग चूल विझायलाच कशाला हवी?

मी राहतो आहे. पॅन्सी राहते, कोंबड्या राहतात, मी राहतो. ती परत येईपर्यंत या घराच्या धुराड्यातून रोज धूर निघेल, पिकेटला तो खालून दिसेल, आणि दिसला नाही तर तो बर्फातून वर येईल. हल्डा आधी हसली. म्हणाली, की तू धार काढणार? त्या गायीला तुझ्या कविता ऐकून आटायला होईल. मग उठून मला पीठ कुठे, मीठ कुठे, साखर कुठे ते सांगू लागली, आणि मीठ-साखरेचे डबे तिने दोनदा हाताळून दाखवले.

एकोणिसाव्या वर्षी मी घर सोडून घर शोधायला गेलो, ते टॅकोमातल्या भाड्याच्या खोलीपर्यंतच सापडले. आता एक हिवाळा उलट दिशेने पाहतो.

तुझ्याकडे एकच मागणे. ती पाहुणी म्हणून येते आहे. डोळे सुधारोत वा न सुधारोत, वसंतात खिंड उघडली की तिला परत पाठवायचे. हे तू तिला पहिल्या दिवशी, दारातच, सगळ्यांसमोर सांग. मागच्या खोलीचा रंग नंतर दाखव.

पिकेट हॉर्न वाजवतो आहे. तुझी आई ट्रकमध्ये बसली, पुन्हा उतरली, दोर बांधला का म्हणून विचारून गेली. बांधला. तिच्यासमोर बांधला, एक टोक तिच्या हातात देऊन.

लोभ असू द्यावा, आणि इकडे अधूनमधून पत्राने शिधा पाठवीत जावा.

तुझा
आल्विनमामा


स्पोकेन,
१९ एप्रिल १९५२

ति. दादास हल्डाचा सा. न. वि. वि.

ओळी बघ. सरळ आहेत ना? पट्टी लावलेली नाही. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, मर्ना खांद्यावरून बघते आहे आणि अक्षर लागलं नाही तर सांग म्हणते. तिला स्वयंपाकघरात पाठवली.

मोतीबिंदूच निघाला. उजव्या डोळ्याचं काम चांगलं झालं. डाव्याचं नाही, तो गेला तो गेला, डॉक्टर म्हणाले फार उशीर केलात. केला खरा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मला किती दिवस न हलता निजवलं होतं ते विचारू नकोस. त्या वेळात मी मनातल्या मनात आपलं अंगण चालत होते, खडी, चाकोरी, उतार. आता चष्मा आहे. भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड. डोना म्हणते, आजी माशासारखी दिसते. मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. ती अगदी तुझ्यामाझ्या आईसारखी आहे रे दादा, हनुवटीवर खळीसुद्धा. हे मला कुणी कळवलंच नव्हतं.

मर्नाने दारातच सांगितलं होतं, तू लिहिलं होतंस तसं. मी रोज एकदा तिला ते पुन्हा म्हणायला लावत असे. आता तिने खिंड उघडायच्या दिवसाची वाट बघत माझी पिशवी भरून ठेवली आहे, आणि पिशवीकडे बघून रडते. पोरी अशाच. उन्हाळ्यात तिला आणि डोनाला वर बोलाव म्हणजे झालं.

पिकेट बर्फातून वर येऊन न्यायचा ती तुझी सगळी पत्रं मर्नाने वाचून दाखवली, आणि परवापासून मी स्वतः पुन्हा वाचते आहे. वाचून दाखवताना तिने बऱ्याच गोष्टी गाळल्या होत्या असं दिसतं. तुझ्या अंगठ्याला गारठा लागला होता हे मला सांगितलंच नाही. आणि पाव तुला जमला नाही, फेब्रुवारीभर तू बीन्सवर राहिलास, तरी धूर एक दिवस चुकला नाही, हे पिकेटने लिहिलं तेव्हा कळलं. तो लिहितो, की तुमचा भाऊ गोठ्यात जाताना दोर धरून मोठमोठ्याने काहीतरी म्हणत जातो आणि गाय त्याच्या मागून हंबरते. दूध आटलं नाही म्हणतो. मला विश्वास बसत नाही. आल्यावर बघेन.

पिकेट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला वर आणणार आहे. तू टॅकोमाला परत जाणार असशील तर त्याच ट्रकने जाऊ शकतोस. नसशील, तर तुझी खोली वरच्या मजल्यावरची, आपण लहान असताना होती तीच. तिला रंग नाही, सांगून ठेवते.

दोर मी येईपर्यंत काढू नकोस. मग आपण दोघं मिळून काढू, एक टोक तू धर, एक मी.

आणखी एक. आम्ही संध्याकाळचेच पोहोचू. त्या दिवशी अंधारात बसून राहू नकोस. खिडकीत दिवा लाव. खिंडीच्या माथ्यावर मी पिकेटला ट्रक थांबवायला लावणार आहे, जळू दे त्याचं पेट्रोल. तिथून दिवा दिसतो का ते मला बघायचं आहे.

लोभ कसला, तो आहेच. दिवा असू द्यावा.

तुझी
हल्डा